पिवळ्या कंपनीचा फ्रीज

बाबा,

आज दुकानात कंपनीच्या माणसाशी कडाडून भांडले, आणि राग निघतोय तो तुमच्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला तुम्हीच लागता.

नांदुऱ्याच्या स्टँडसमोर आपल्या दुकानात कोल्ड्रिंकच्या पिवळ्या कंपनीचा फ्रीज आला, तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अट एकच, आत फक्त त्यांच्याच बाटल्या. सगळे दुकानदार अशा अटीला मान हलवतात आणि मागच्या रांगेत हवं ते ठेवतात. तुम्ही मात्र आपला घरचा गोटी सोडासुद्धा आत ठेवला नाही. आई म्हणाली, "अहो, दोन बाटल्या मांगं ठेवल्या तं कोण पाहून राह्यलं?" तुम्ही म्हणालात, "मी पाहून राह्यलो ना. भरोशानं देलं त्याईनं." आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोमट सोडा कोण पितो? गिऱ्हाईक तुटलं आणि स्वतःच्या हातचा सोडा तुम्ही मुकाट्यानं बंद केला. पिवळीच्या स्पर्धेतली हिरवी कंपनी छत्री, बोर्ड, वर फ्रीजसुद्धा द्यायला आली, तर त्यांना चहा पाजून वाटेला लावलंत.

मग पिवळीनं काय केलं? समोरच्या मोठ्या हॉटेलात हिरवीनं फ्रीज बसवला, तर तिच्यावर कडी करायला पिवळीनं आपल्याकडचा उचलून तिथेच नेला. भर मे महिन्यात टेम्पो दारात. "खप कमी आहे काका, वरून सांगितलं." आणि तुम्ही फ्रीज पुसून दिलात बाबा! एका बाजूनं उचलूही लागलात. मी ओरडले, "तुम्ही काऊन हात लावता?" तर म्हणे, "त्याईचीच वस्तू आहे, माय." दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात; आपला तर होता तो सोडाही गेला. तुमचं इमान कोणत्या साहेबानं पाहिलं? त्या दिवशी तुम्ही एक शिवी जरी हासडली असती, तरी मी आज एवढी जळत बसले नसते.

आता दुकान माझ्याकडे आहे आणि दोन्ही कंपन्यांचे फ्रीज शेजारी शेजारी उभे आहेत. ज्यात जागा असेल त्यात मी वाटेल ते कोंबते. आज पिवळीचा माणूस आला, त्यांच्या फ्रीजात हिरवीच्या बाटल्या पाहून म्हणतो, "ताई, हे चालणार नाही. फोटो वर पाठवावा लागते." मग मी सुटलेच. "पाठव फोटो! माह्या बापानं तुमची अट पाळली, तवा कोणी फोटो काढला होता काय?" ऑटोवाले वळून बघायला लागले. तो पोरगा खाली मान घालून निघून गेला. त्याचा तरी काय दोष, पण मला थांबता आलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तो दिसेनासा झाला, तशी मी उठले आणि पिवळीच्या फ्रीजातल्या हिरवीच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. का, ते विचारू नका.