खालच्या टुल्योचं सामान वर येतंय

चि. ब्रूना हिला थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (इथे आम्ही पावलोपावली पूल चढतो-उतरतो; तिकडे कोरड्या जमिनीवर मेस्त्रेला चढायला एक पूल नाही, तरी गुडघा दुखतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. इथे यायचं म्हटलं की जास्त दुखतो, एवढं मात्र मी बघून ठेवलंय.) तुझ्या नवऱ्याला, देल्फिनोला, माझा नमस्कार सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे, पण माझं घर चोरीला चाललंय. आणि चोर असा बिलंदर की सामान नेत नाही, आणतो.

खालचा टुल्यो बुसेत्तो. जन्मभर बोटीवर तिकिटं तपासली, बायको गेल्यापासून एकटा राहतो, आणि तू ज्याला गरीब गाय म्हणायचीस तोच. आपल्या गल्लीची रीत तू विसरली नसशील (मेस्त्रेला जाऊन माणसं काय काय विसरतात म्हणा): पूर चढतोय असा पाण्याचा भोंगा वाजला की तळमजल्यावरच्याने सामान वरच्याकडे चढवायचं, आणि वरच्याने चकार शब्द काढायचा नाही. सहासष्टच्या पुरात आईने त्याच्या बापाचं अख्खं बिऱ्हाड वर घेतलं होतं. त्याची आजी आपल्या पलंगावर आणि आपण दोघी टेबलाखाली. पण तेव्हा पाणी उतरलं की सामानही उतरायचं! हा गृहस्थ नुसता चढवतो.

आधी खुर्च्या आल्या. पाणी ओसरलं, खुर्च्या राहिल्या. मग भिंतीवरचं घड्याळ आलं. आता भरतीचं पाणी अडवायला समुद्राच्या तोंडाशी ती पिवळी दारं उभी राहतात (असं म्हणतात बाई, मी काही बघायला गेले नव्हते), त्यामुळे भोंगा वाजूनही कालव्याचं पाणी आपली पायरी सोडत नाही. तरी परवा हा दारात हजर, हातात मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळायचं तांब्याचं पातेलं. मी म्हटलं, "अहो, पाणी कुठाय?" तर म्हणतो, "एलीदेबाई, सरकारने केलेल्या दारांवर विश्वास ठेवायचा का आपण?" आता संशय घेण्यात मला कुणी मागे टाकलेलं खपत नाही, म्हणून मुकाट्याने पातेलं ठेवून घेतलं.

त्यानंतर त्याचा कॅनरी पक्षी आला, पिंजऱ्यासकट. ज्याला पंख आहेत त्याला पुराची कसली भीती, तूच सांग! आणि आता बायकोच आली. म्हणजे तिची तसबीर. ओर्तेन्सिया माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून सतत माझ्या हातांकडे बघत असते. जिवंत होती तेव्हाही माझ्या सार्डिन माशांत कांदा कमी पडतो म्हणून नाक मुरडायची. गेली तरी सुटका नाही.

मासेवाली म्हणते, "अगं, तुझ्यावर भाळलाय तो!" त्या दिवसापासून मी तिच्याकडचे मासे बंद केले. (तशीही ती मापात मारते.) मला विचारशील तर डाव सरळ आहे. खालची जागा रंगवून, गुळगुळीत करून पाहुण्यांना भाड्याने द्यायची, आणि आपण तसबिरीपाठोपाठ हळूच वर यायचं. आपल्या आईबापांचं घर, ब्रूना, खुर्ची-खुर्चीने गिळतोय तो! तुझ्या शेजारच्या वकिलाकडून एक खरमरीत नोटीस लिहून घे, आणि उशीर करू नकोस. मीही गप्प बसणार नाही. उद्या तो कोपऱ्यावर वाइन प्यायला गेला की खाली जाऊन डोळ्यांनी बघणार आहे. (त्याची किल्ली माझ्याकडे असते, वरच्याकडे असतेच. याला चोरी म्हणत नाहीत.)

सगळ्यांना यथायोग्य. तुझीच,
एलीदे

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, कारण खाली जाऊन आले. रंग नाही, गुळगुळीत काही नाही. पुराच्या पाण्यातल्या मिठाने भिंतींचा गिलावा खांद्यापर्यंत गळून पडलाय, विटेला बोट लावलं तर भुगा हातात येतो. फरशी मधोमध फुगलीय. एका खोलीत भिंतींपासून लांब, फळ्या रचून उंच केलेली खाट आहे आणि उशीवर पांढरा चुरा पडलाय. तिथे झोपतो हा माणूस! मला जरा बसावंसं वाटलं, तर बसायला काही नव्हतं, खुर्च्या सगळ्या माझ्याकडे. आणि रोज जिन्यात विचारलं की म्हणतो, "राजासारखा राहतोय, एलीदेबाई." खोटारडा मेला! इतका राग आला की वर येऊन ढसाढसा रडले.

ता. क. २. वकिलाला काही सांगू नकोस. पत्राचा पहिला भाग वाचूनच सांगून बसली असशील तर मी भ्रमिष्ट झालेय म्हण, त्याला पटेल. मागच्या खोलीतलं तुझं लग्नातलं कपाट, जे तू "चार दिवसांसाठी" ठेवून गेलीस, ते रविवारी घेऊन जा. ती खोली मला हवी आहे. देल्फिनोला आणि त्याच्या भावाला पाठव. कपाट उतरवायचं, आणि मग खाट चढवायची. जिना अरुंद आहे, खाट जड आहे, आणि टुल्योची कंबर आता पूर्वीची राहिलेली नाही.

ता. क. ३. टुल्योला यातलं काही माहीत नाही, आणि कळताही कामा नये. दया केलेली त्याला सोसायची नाही. मी त्याला एवढंच सांगणार की भोंगा वाजला. तो म्हणेल, मला कसा नाही ऐकू आला? तेव्हा तू गुडघ्यासकट इथे हजर राहा आणि शपथेवर सांग, की अहो, आम्हाला मेस्त्रेला ऐकू आला.