डावीकडून आलेली हाक

दि. ३

चि. ठमीस मामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पाठीमागून कोणी हाक मारली, तर आपण भलतीकडे न वळता थेट हाक मारणाऱ्याकडेच वळतो. पाठीला डोळे नसताना हे कसे जमते, असा प्रश्न तुलाही कधी पडला असेल. उत्तर मोठे सुंदर आहे! (मास्तर निवृत्त झाला तरी त्याचा तास संपत नाही, हे तू जाणतेसच.) उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी शिरतो आणि किंचित मोठाही असतो, डाव्या कानाशी तो डोक्याला वळसा घालून, जरासा उशिरा, जरासा दमून पोहोचतो. या दोन वार्ता मेंदू ताडून पाहतो आणि दिशा ठरवतो. एकच कान चालत असेल, तर ताडून पाहायला दुसरी वार्ताच नसते; मग आवाज कुठूनही येवो, तो चांगल्या कानाच्या बाजूने आल्यासारखा वाटतो.

आता तू पत्रात कळवलेले ऑडिशनचे कोडे सुटते. धाकट्या बहिणीचे संवाद वाचणारी नटी तुझ्या डाव्या हाताला बसली होती. गेल्या वर्षीच्या तापापासून तुझा तो कान बंद. तू कागदातून मान वर केलीस आणि उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून उत्तर दिलेस. दिग्दर्शिकाबाईंना वाटले, ही थोरली बहीण धाकटीचे तोंडही पाहायला तयार नाही! म्हणून तर पुढच्या फेरीत नेमके तसेच करा, असे त्यांनी सांगितले. पोरी, तुझी चूक त्यांना अभिनय वाटली आहे. त्यांना कानाचे सांगून टाक. तुझ्या आईलाही सांग. माझ्या बहिणीपासून हे लपवताना माझी पाचावर धारण बसते.

उत्तराला उशीर करू नयेस.
तुझा मामा

दि. ६

ती. मामास सा. न.

तुझा तास मन लावून ऐकला, अर्थात एकाच कानाने.

सांगून टाक म्हणतोस, पण मागच्या हंगामात आमच्यातल्या एकाने गुडघा दुखतो म्हणून मोकळेपणाने सांगितले. सगळे हळहळले, आणि पुन्हा त्याला कोणीही बोलावले नाही. यंदा बाकीच्या नाट्यमंडळींनी मला नकार कळवला आहे. ही एकच उरली. इथेही जमले नाही तर वर्षभर रंगमंच नाही, आणि माझ्या वयाची नटी वर्षभर दिसली नाही की लोक तिला विसरतात.

त्यात नवे संकट. दुसऱ्या फेरीचा प्रवेश हाती आला आहे. घरातले दिवे जातात, धाकटी अंधारातून हाक मारते, आणि थोरलीने आवाजाच्या रोखाने चालत जाऊन तिचा हात धरायचा. रंगमंच पुरुषभर उंच आहे. काही युक्ती असेल तर कळव. उपदेश नको, तो मला पाठ आहे. आईला मात्र एवढ्यात कळता कामा नये. ती येईल आणि मला गाठोड्यासारखी उचलून घरी नेईल.

मामीला नमस्कार. मायेत काटकसर नको.
ठमी

दि. ९

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

युक्ती आहे, पण अपुरी. मान सावकाश फिरवावी. चांगला कान आवाजासमोर आला की आवाज खुलतो, बाजूला गेला की दबतो. मात्र हाक एकदाच आली, तर मान फिरवायला अवधी कुठला? मी स्वतः प्रयोग केला. डावा कान घट्ट दाबला, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि मामीला हाक मारायला लावले. मी मोठ्या आत्मविश्वासाने निघालो तो कपाटावर आदळलो. मामीचे म्हणणे असे, की निवृत्त माणसाने शब्दकोडी सोडवावीत.

पण ठमे, मला कपाटाने तरी अडवले. तुझ्यापुढे रंगमंचाची कड आहे. पावले मोजून पाठ केलीस, तरी त्या नटीने जागा जराशी बदलली, की सारे पाठांतर कुचकामी. माझा जीव टांगणीला लागला आहे.

फेरी होताच दोन ओळी धाड.
मामा

दि. १५

ती. आईस सा. न.

हे पत्र बसून वाच, आणि वाचल्यावर मामाला फैलावर घेऊ नकोस. त्याने गप्प राहावे हा माझाच हट्ट. गेल्या वर्षीच्या तापात माझा डावा कान गेला. तो परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात.

काल ऑडिशनच्या दुसऱ्या फेरीत, अंधारात, नाटकातल्या धाकट्या बहिणीची हाक आली. मला ती उजवीकडून आली अशी खात्री होती. मी चालत गेले. एका पावलाला टाचेखाली फळी लागली आणि बोटांखाली काहीच नव्हते. तशीच थिजले आणि दिवे लावा म्हणून ओरडले. दिवे लागले, तेव्हा ती नटी माझ्या डावीकडे, पार मागे, हात पुढे करून उभी होती. मग सगळ्यांसमोर कानाचे खरे ते सांगितले, आणि पहिल्या फेरीत रिकाम्या खुर्चीकडे वळले तीही चूकच होती हेही.

दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, की चुकून घडलेले त्यांच्या कामाचे नाही. दर प्रयोगाला घडवता येईल ते हवे. दिवे चालू ठेवते, ती कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा, आणि तरीही तिच्याकडे पाठ फिरवून दाखवा. आई, ते किती जड गेले! तिचा पुढे आलेला हात दिसत असताना रिकाम्या जागेकडे वळायचे. कितीदा तरी खोटे झाले. बाई पुन्हा, पुन्हा म्हणत राहिल्या. अखेर एकदा मी वळले, आणि पाठीमागे त्या नटीला पुढचे वाक्य बोलवेना. भूमिका मला मिळाली आहे. अंधारात आता धाकटी थोरलीकडे चालत येईल.

राहिलो तू आणि मी. वर्षभर तुझी तक्रार आहे की मी शिष्ट झाले, तू एकीकडून बोलतेस आणि मी दुसरीकडे बघते. समजावायला गेले तर म्हणशील, नाटकवाली ती, नाटके करणारच. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नकोस. स्वतः करून बघ. खोलीच्या मधोमध उभी राहा. डावा कान बोटाने गच्च बंद कर आणि डोळे मीट. बाबांना सांग, पावलांचा आवाज न करता हवे तिथे जाऊन एकदाच टाळी वाजवा. मान न हलवता टाळीच्या दिशेला बोट दाखव. मग डोळे उघड, आणि बाबा कुठे उभे आहेत ते पाहा.

तुझीच,
ठमी