हरणी राणीचीच आहे

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी मॅडम,
पशुवैद्यकीय दवाखाना, मौजे निंबटाकळी,
ता. जिंतूर, जि. परभणी.

अर्जदार : दिनकर बन्सीधर गिराम, वय ६६, धंदा शेती, रा. निंबटाकळी. अध्यक्ष, पालक समिती, बाल पशुपालक मंडळ.

विषय : कु. राणी परमेश्वर दराडे, इयत्ता सातवी, हिच्या शेळीबाबत मी केलेली तक्रार खोटी असल्याने ती रद्द करून शेळी तिला परत मिळणेबाबत.

संदर्भ : माझाच तक्रार अर्ज, दि. १८ जानेवारी २०२५.

महोदया,

संदर्भातील अर्ज मी शाळेच्या मैदानावर, मंडपातल्या टेबलावर बसून दहा मिनिटांत लिहिला होता. हा अर्ज लिहायला मला तीन आठवडे लागले. उशिराबद्दल प्रथम क्षमा मागतो. बाकीची क्षमा पुढे मागितली आहे.

१. आपल्या दवाखान्यामार्फत गेल्या जुलैत आमच्या शाळेतील बारा मुलामुलींना प्रत्येकी एक उस्मानाबादी करडू देण्यात आले. चारापाणी, जंताचे औषध, दर महिन्याचे वजन आणि वहीतली नोंद मुलाने स्वतः करायची, मोठ्यांनी हात लावायचा नाही, असा नियम होता. हा नियम पालकांच्या बैठकीत मीच वाचून दाखवला. दूध संस्थेचा चेअरमन म्हणून नऊ वर्षे काम केल्याने जनावरातले मला कळते असा गावाचा समज आहे. माझाही होता. त्याच बैठकीत, 'दाण्याचे पोते उघडे ठेवू नका, शेळी पोट फुटेस्तोवर खाते,' असे मी अर्धा तास सांगितले होते. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढचे सगळे त्यातून घडले.

२. माझी नात भक्ती हिच्या वाट्याला आलेल्या करडाचे नाव तिने बिजली ठेवले. डिसेंबरात भक्ती मामाच्या लग्नासाठी आईबरोबर चार दिवस वालूरला गेली. जाताना तिने मला वही दाखवून सकाळी काय, दुपारी काय, सगळे समजावले. मी हसून म्हणालो, 'तू मला शिकवायलीस का?' दुसऱ्या दिवशी सकाळी मी मक्याच्या भरड्याचे पोते तोंड न बांधता गोठ्यात ठेवले आणि ग्रामपंचायतीत गेलो. परत आलो तेव्हा बिजलीचे पोट डाव्या अंगाने नगाऱ्यासारखे फुगले होते, ती दात खात होती आणि पाय झाडत होती. आपला दवाखाना माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. आपण त्या दिवशी हजर होतात, हेही मला माहीत होते. तरी मी आलो नाही. 'पोते उघडे राहिले' हे वाक्य आपल्यासमोर कसे म्हणावे, याचा विचार करत मी तिला तेल पाजत बसलो. दुपारी दोनच्या सुमारास ती गेली. मी तिला शेतात पुरले.

३. नंतर आठवडी बाजारातून मी तशीच काळी, पांढऱ्या कानाची शेळी आणली. पुरण्याआधी बिजलीच्या कानातला, दवाखान्याने ओळखीसाठी लावलेला पिवळा बिल्ला कापून ठेवला होता, तो नव्या शेळीच्या कानाला भोक पाडून तारेने अडकवला. मंडळाच्या जानेवारीतल्या प्रदर्शनाच्या दिवशी आपण विचारलेत की बिल्ल्यापाशी कान ओला कसा, तेव्हा मी 'खाजवून जखम झाली' असे सांगितले. ते खोटे होते.

४. भक्ती आली आणि तिने दारातूनच हाक मारली. शेळी बिचकून मागे सरली. पोरीने तिचे चारही पाय उचलून पाहिले आणि म्हणाली, 'आबा, बिजलीच्या मागच्या डाव्या खुराला फट व्हती. हिला न्हाई.'

मी म्हणालो, 'बरी झाली.'

'चार दिवसांत?'

'जनावराचं तसंच असतं.'

ती आत गेली. त्या दिवसापासून तिने वहीत लिहिणे बंद केले. कोऱ्या पानांवरून प्रश्न निघेल म्हणून ती पाने मी भरली. आपल्याकडे जमा असलेल्या वहीत दि. ११ डिसेंबरपासून पुढचे वेडेवाकडे अक्षर माझे आहे. 'आज माझ्या शेळीने आनंदाने पाला खाल्ला' हे वाक्यही माझेच आहे, आणि ते मी सात वेळा लिहिले आहे. सहासष्ट वर्षांच्या माणसाने पोराचे अक्षर काढत बसावे, हे लिहितानाही मान वर होत नाही.

५. आता राणीबाबत. राणीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती आजी वच्छलाबाई यांच्याजवळ गावात राहून शिकते. तिच्या शेळीचे नाव हरणी. शाळेआधी आणि शाळेनंतर ही पोर बांधाबांधाने बोरीचा, सुबाभळीचा पाला आणताना मी रोज पाहिलेली आहे. नोव्हेंबरात हरणीचा कान बाभळीच्या काट्यात अडकून फाटला आणि बिल्ला हरवला. आपण त्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होतात. दवाखान्यातल्या परिचराने कानाला औषध लावले, राणीने वहीत तशी नोंद केली आणि ती पालक समितीच्या अध्यक्षाकडे सहीसाठी आणली. त्या नोंदीखाली माझी सही आहे.

६. दि. १८ जानेवारीच्या प्रदर्शनात राणीची शेळी सत्तावीस किलो भरली. भक्तीच्या नावावरची पंचवीस. मग हाकेची परीक्षा झाली. शेळ्या फाटकाशी धरून ठेवायच्या आणि मुलाने झेंड्याच्या खांबापासून हाक मारायची. राणीने 'हरणे, ये गं' म्हणताच हरणी माणसांच्या पायांतून वाट काढत तिच्यापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर भक्तीचे नाव पुकारले. ती खांबाशी जाऊन उभी राहिली. तिने तोंड उघडले आणि मिटले. हाक मारलीच नाही. आपणही 'बोल बाळा' म्हणालात. सगळे मैदान वाट पाहत होते आणि ती फक्त माझ्याकडे पाहत होती.

ते मला सोसले नाही. ती आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलेल, या भीतीने मी उठलो आणि माईक हातात घेतला. लोकांचे लक्ष दुसरीकडे वळावे, एवढेच डोक्यात होते. समोर राणी दिसली. मी बोललो ते शब्द असे : 'ज्या घरातली माणसं सहा सहा महिने गावात नसतात, त्या घरची शेळी सत्तावीस किलो भरते कशी? कानातला बिल्ला कुठाय? ही शेळी बदललेली हाय.'

राणी माझ्यापासून चार हातांवर होती. ती हळू म्हणाली, 'आबा, तुमीच सही केली व्हती.'

माईकमध्ये ते आले नाही. मला ऐकू आले. मी ऐकले नसल्यासारखे केले आणि टेबलावर बसून संदर्भातील तक्रार लिहिली.

७. लेखी तक्रार आल्यामुळे चौकशी होईपर्यंत हरणीला दवाखान्याच्या आवारात बांधणे आपणास भाग पडले. यात आपला दोष नाही. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई घराला कुलूप लावून तिला ऊसतोडीच्या तळावर घेऊन गेल्या. शेजारणीला त्या सांगून गेल्या की, पोरीला भर गावात चोर म्हणायलेत, तिथं तिला कशाच्या भरवशावर ठिवू? तेव्हापासून शाळेच्या हजेरीपटावर राणी गैरहजर आहे.

८. हरणी स्पर्धेतून बाजूला काढल्यावर वजनात भक्तीच्या नावावरची शेळी पहिली ठरली. पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र भक्तीने घेतले नाही. ते मी घेतले आणि घरी आणले. त्यानंतर दोन आठवडे ती माझ्याशी कामापुरते बोलली. एके दिवशी मी जेवायला बसलो असता ताटात भाकरी वाढून ती समोर बसली आणि तिने विचारले, 'आबा, बिजली कुठं पुरली?'

मला वाटले होते की खोटे उघडे पडेल तेव्हा आरडाओरडा होईल. तसे काही झाले नाही. मी जागा सांगितली. ती एकटी शेतात जाऊन आली. डोळे सुजलेले होते. आल्यावर म्हणाली, 'राणीला कोण आणणार आता?'

९. परवा शनिवारी, दि. ८ फेब्रुवारीला, मी व भक्ती माजलगावच्या बाजूला त्या तळावर गेलो. राणी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधत होती. उसाच्या पात्याने हातांवर बारीक चरे उमटले होते. आम्हाला पाहून ती उठली नाही. तिचे वडील परमेश्वर उसाच्या फडातून आले, त्यांनी मला बसायला पोते टाकले आणि पाणी दिले. मी एवढे करूनही त्यांनी पाणी दिले, हे मला फार लागले. मी बिजलीपासून माईकपर्यंत सगळे त्यांना सांगितले आणि हात जोडले. परमेश्वर मान खाली घालून ऐकत राहिले. वच्छलाबाई मात्र म्हणाल्या, 'दिनकरराव, लेकराला चोर म्हणलात ते माईकवर. अन् माफी मागायलात ती इथं, आडरानात. हितं कोन ऐकायलंय तुमाला?'



राणी तोवर मोळी बांधत होती. तिने मला काहीच विचारले नाही. भक्तीला विचारले, 'हरणी खायलीय का?'

भक्ती म्हणाली, 'मी रोज जाते. मी बसले तर थोडं खाती. तुझं नाव घेतलं की फाटकाकडं बघायलीय.'

तेव्हा राणी रडली. मैदानावर ती रडली नव्हती.

१०. या अर्जाचा पहिला मसुदा मी काल लिहिला. त्यात 'गैरसमजातून तक्रार झाली' असे शब्द होते. भक्तीला वाचायला दिला. तिने विचारले, 'गैरसमज कुठं व्हता, आबा? तुमाला तर सगळं ठाव व्हतं.' मी तो कागद फाडला. म्हणून विषयात 'खोटी' हा शब्द आहे. तो आपण सौम्य करू नये.

सबब विनंती की,

(अ) माझी तक्रार खोटी ठरवून तशी नोंद करावी, आणि हरणी कु. राणी हिच्या ताब्यात द्यावी. शेळीला नवा बिल्ला राणीच्या देखत लावावा.

(आ) प्रथम क्रमांक राणीचा आहे, तो तिच्या नावे करावा. कु. भक्ती हिचे नाव स्पर्धेतून कमी करावे. ही तिचीच मागणी आहे आणि तिने खाली सही केली आहे. बाजारातून आणलेल्या शेळीचा मंडळाशी संबंध नाही. भक्ती तिला सांभाळते आहे, तिला अजून नाव ठेवलेले नाही.

(इ) पालक समितीच्या अध्यक्षपदावरून मला काढावे. राजीनामा घेऊ नये. राजीनामा दिला की लोक मोठेपणा म्हणतात.

(ई) परमेश्वर दराडे हे तोडणी टोळीच्या मुकादमाला विचारून बुधवारी, दि. १२ रोजी, एका दिवसासाठी राणीला व वच्छलाबाईंना घेऊन गावी येणार आहेत. पोरीला पुन्हा शाळेत ठेवायचे की परत न्यायचे, हे त्या दिवशी काय होते ते पाहून ठरवू, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांना मी दुसरी कोणतीही गळ घातलेली नाही, तो हक्क मला उरलेला नाही. तरी त्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर बाराही मुले व त्यांचे पालक यांना बोलवावे, तोच माईक लावावा आणि हा अर्ज पहिल्या ओळीपासून मला वाचू द्यावा. मुख्याध्यापकांची संमती मी घेतली आहे.

वाचताना आपण माझ्या शेजारी उभे राहावे ही विशेष विनंती. मी बोलणारा माणूस आहे. तोंडी बोलायला लागलो की माझ्या नकळत स्वतःला सावरून घेतो, वयाचे सांगतो, नातीच्या मायेचे सांगतो, आणि ऐकणाऱ्याला शेवटी माझीच दया येते. परवा तळावरही दोन वेळा तसे होऊ लागले होते, भक्तीने माझी बाही ओढली. म्हणून कागदावर आहे त्याबाहेर एक शब्द मी बोलू लागलो, तर कृपया माईक बंद करावा.

आपला शरमिंदा अर्जदार,

(सही)
दिनकर बन्सीधर गिराम
निंबटाकळी, दि. १० फेब्रुवारी २०२५

अर्ज वाचला. सगळे खरे आहे.
(सही) कु. भक्ती भागवत गिराम, इयत्ता सातवी

सोबत :
१) दि. १८ जानेवारीच्या तक्रारीची प्रत
२) राणीच्या वहीतील माझ्या सहीच्या पानाची छायाप्रत
३) प्रथम क्रमांकाचे प्रमाणपत्र, मूळ
४) मुख्याध्यापकांचे संमतिपत्र