लुंगिसा डोंगरावर आहे

क्वामाला, क्वीन्सटाउनजवळ
९ जून १९८५

लुंगिसाच्या बाबांना,

नमस्कार. आम्ही इथे जिवंत आहोत आणि बरे आहोत. तुम्हीही तिकडे, खाणीत आणि खाणीबाहेर, बरे असाल असं धरून चालते. पत्र वाचून दाखवणाऱ्या भावालाही नमस्कार. त्याला म्हणावं, सावकाश वाच, मिशनची शाळा पाचवीत सुटली तेव्हापासून माझं अक्षर वाढलेलं नाही.

लाल गाय व्याली, कालवड झाली. थंडी अशी की सकाळी बादलीतलं पाणी फोडावं लागतं. झोलिलेभावजींचा खोकला हटत नाही आणि पाइपही सुटत नाही. तुमच्या भावाला सांगून मी थकले. शहरातल्या शाळा अजून बंदच आहेत.

आणि एक. लुंगिसा डोंगरावर गेला. रागावू नका. डिसेंबरात सुट्टी घेऊन तुम्ही स्वतः त्याची सुंता करवणार होता, त्याला पुरुषांत आणणार होता, बोकडही राखून ठेवला होता, सगळं मला ठाऊक आहे. पण भावजी म्हणाले, आत्ताच होऊ दे. टेकाडामागे झोपडी त्यांनीच बांधली, जेवणही रोज तेच नेतात. मी बाईमाणूस. तिथे काय चालतं ते मी विचारायचं नाही, आणि मलाही कुणी विचारायचं नाही. आपल्या रीतीचं हे एक बरं आहे.

लोकरीचे मोजे पाठवतेय. डाव्याचा अंगठा जरा ऐसपैस झालाय.

तुमची,
नोवेझिले


३० जून

लुंगिसाच्या बाबांना,

नमस्कार, आणि पत्र पोचलं. लिहिणाऱ्याने शब्द मऊ केले असणार, तरी तुमचा आवाज ऐकू आलाच.

तुम्ही विचारताय, वस्तरा कुणाचा होता? देखरेखीला कोण? बरोबरची पोरं कुणाकुणाची? एकटंच पोर डोंगरावर कधी गेलंय का? बाप जिवंत असताना गोठ्यात उभं राहून पूर्वजांना कळवलं कुणी? तुमचं सगळं बरोबर आहे. भावजींना पत्र वाचून दाखवलं. ते पाइप पेटवून बाहेर गेले ते जेवायलाच उगवले. मग म्हणाले, "वहिनी, दादाला लिही, बर्फ पडलं." अहो, बर्फ पडलं. लिहिलं.

तुमचं पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसत होतं. माझंही तसंच पोचत असेल. समोर असतात तर मी तुमच्याशी हात नाचवून भांडले असते, आणि किती बरं वाटलं असतं! सध्या तुम्ही रागावूनच राहा. माझ्यावर राहा.

त्याला थंडी वाजते का, पोटाला मिळतं का, मला काही कळत नाही. भावजींनाही कळत नाही. झोप अशी लागतच नाही. दिवसा काम करताना हातातली वस्तू कुठे ठेवली तेच विसरते.

नोवेझिले


२८ जुलै

लुंगिसाच्या बाबांना,

हे पत्र सुट्टी संपवून खाणीवर परतणाऱ्या मखालिमांच्या हाती देतेय. ते बुटात घालून आणणार आहेत, वास सोसून घ्या. त्यांच्याकडूनच वाचून घ्या, दुसऱ्या कुणाकडून नको.

लुंगिसा डोंगरावर नाही. कधीच नव्हता. झोपडी रिकामी आहे.

मे महिन्यात शहरात पोलिसांच्या गोळ्यांनी पोरं मेली. त्यातल्या एकाच्या शवपेटीला आपल्या मुलाचा खांदा होता. त्याच दिवशी पोलिसांची गाडी जळली. कुणी जाळली ते मी त्याला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला, उभ्याउभ्याच मका-घेवडा खाल्ला आणि म्हणाला, "आई, दगडांनी हे व्हायचं नाही. मी सरहद्द ओलांडून लेसोथोतून पुढे जातोय. तिकडे बंदूक चालवायला शिकवतात." मी म्हटलं, "बाबांना तरी येऊ दे." तर म्हणतो, "बाबांना वर्षातून एकदाच सोडतात, आई." यावर तुम्ही काय बोलला असतात?

मग पोलीस येणार हे नक्कीच होतं. भावजींना आणि मला एकच जागा सुचली, जिथे बाईला जाता येत नाही आणि गोऱ्याला शिरता येत नाही. ते रोज झोपडीत शेकोटी पेटवतात आणि जेवण ठेवून येतात. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. कुणी तोंड उघडलं नाही.

आणीबाणी लागलीय, कुणालाही उचलतात. मंगळवारी गोरा साहेब आणि हवालदार मटोटी आले. मी म्हटलं, "डोंगरावर आहे, साहेब. बायका तिकडे जात नाहीत." साहेब स्वतःच चढायला निघाला. भावजी वाटेत आडवे बसले आणि आपल्या भाषेत म्हणाले, "याला सांगा, वर पोरांना मज्जाव आहे. आधी याची सुंता करून आणा." म्हातारे खोकल्याचं सोंग करून हसले. साहेबाने मटोटीला विचारलं, "काय म्हणतोय?" मटोटी तोंड सरळ ठेवून म्हणाला, "वर थंडी फार आहे म्हणतोय, साहेब."

मग मटोटी एकटाच वर गेला. त्याची सुंता झालेली, त्याला कोण अडवणार? मी भिंतीला धरून उभी राहिले. तो खाली आला आणि साहेबाला म्हणाला, "पोरगा आहे. रीतीप्रमाणे अंगाला पांढरी माती लावलीय, जखम चिघळलीय, ताप आहे. हलवला तर मरेल आणि गाव पेटेल." जाताना माझ्याजवळ थांबून बुटाचा बंद बांधायला वाकला. म्हणाला, "वहिनी, जेवण कुत्री खातायत. धूर मात्र बंद करू नका." हाच मटोटी, ज्याच्या दारावर आपल्या पोरांनी दोनदा दगड मारलेत.

आता हे सोंग रीतीप्रमाणे संपवायला हवं. १० ऑगस्टला झोपडी जाळायची, बिअर करायची, तो पहाटे उतरला आणि थेट केपला कामावर गेला असं सांगायचं. म्हणून तुम्ही या. खोटं बोलायला बोलवत नाही. लोकांशी भावजी बोलतील. तुम्ही फक्त गोठ्यात उभे राहा आणि तुमच्या वडिलांना, त्यांच्या वडिलांना हळू आवाजात खरं सांगा, की तो बाहेर आहे, कच्चा आहे, त्याच्यावर हात ठेवा. मी सून. मला गोठ्यात पाऊल टाकता येत नाही आणि त्यांची नावंही घेता येत नाहीत. हे माझ्याने होणारं काम नाही.

याच हो. मुकादमाच्या पाया पडा, पण या.

नोवेझिले


११ ऑगस्ट

लुंगिसाच्या बाबांना,

हे पत्र भावजी स्वतः आणतायत. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांनी जमेल तेवढं केलं.

तुमचा निरोप पोचला. "मला न विचारता गेला, मला न विचारता परत येऊ दे." पत्रात कुठेच त्याचं नाव नाही. "तुझा मुलगा" म्हटलंय. वाचून मी अंगणात गेले आणि झाडू घेऊन आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं.

काल झोपडी जाळली. सगळं गाव जमलं. सरकारचा पगार खाणारा मुखिया पुढे बसून प्याला. त्याच्या कानावर जावं म्हणून भावजी गोठ्यात मोठ्याने बोलले: "आमचा मुलगा पुरुष होऊन घरी आलाय, त्याला आशीर्वाद द्या." मी कुंपणाबाहेर होते. बायका आनंदाने ओरडल्या, मीही ओरडले. आणि ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ज्यांनी त्याला बाहेर सांभाळायचं, त्यांनाच आम्ही सांगितलं की तो घरी आला. आता ते त्याला कशाला शोधतील? घरी आलेल्याला कुणी शोधतं का?

भावजींना म्हटलं, परत गोठ्यात जा, खरं सांगा. ते रडायलाच लागले. म्हणाले, "वहिनी, मी थोरला नाही. एकदा बोललेलं मला फिरवता येत नाही."

आज सकाळी गुरं चरायला गेल्यावर मी चपला काढल्या आणि गोठ्यात शिरले.

तेवीस वर्षं तुमच्या वडिलांचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. आज घेतलं. वेलाफी. पाहा, लिहिलंसुद्धा. त्यांना हाक मारली आणि म्हटलं, "मी नोवेझिले, तुमची सून. इथे यायचा मला हक्क नाही, माहीत आहे. काल तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. तो घरी आलेला नाही. तो पुरुषही झालेला नाही, म्हणून पुरुषांत शोधू नका. पोर म्हणून शोधा. उंच आहे, वाकून चालतो, झोपेत दात खातो. त्याच्याजवळ बंदूक असली तरी घाबरू नका, तो आपलाच आहे." मग त्याचं नाव सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा पुन्हा.

पाप लागायचं असेल तर मला लागो. तुमच्या घरातल्या मेलेल्या सगळ्या माणसांना आता तो कुठे नाही ते ठाऊक आहे, आणि त्याला काय म्हणून हाक मारायची तेही. जिवंतांपैकी त्याचं नाव न घेणारे तुम्ही एकटे राहिलात.

लुंगिसाची आई