नुसतं तोंडाला लावायचं

मुरुड, जि. लातूर

प्रिय सुकन्या,

तुझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. फोनवर तू घाईत असतेस, आणि बोलणं मधेच तुटलं की राहिलेलं मला दिवसभर छळतं, म्हणून लिहितो. सातवीपर्यंतची माझी शाळा, अक्षर सांभाळून घे.

आपल्या बँडात आता केरबा आणि मी दोघंच उरलो. पूर्वी जत्रेला आपला बँड, जयंतीला केरबाच्या भीमनगरचा. माणसं कमी पडली की इकडचे तिकडे जायचे. पुढं दोन्ही एकच झाले. हैदराबादहून जुनी पितळी वाद्यं आणली, ती चिंचेनं घासून तुझ्या आईची बोटं फाटायची. आता जिथं तिथं डीजे. शेजारच्या नीलम्माच्या भिंतीला हादऱ्यानं भेग पडली, आपली कधी पडते या धास्तीनं मला झोप नाही.

मागच्या महिन्यात लातूरला एका लग्नात डीजेवाल्यानं आम्हा दोघांना लाल डगले चढवले आणि म्हणाला, "काका, फुंकू नका. नुसतं तोंडाला लावा, व्हिडिओत भारी दिसतं." गाणं त्याच्या पेटीतून. मी तरी फुंकलं. छाती दुखेपर्यंत फुंकलं, पण माझं क्लॅरोनेट मलाच ऐकू आलं नाही. वर जेवायला बसलो तर एक बाई येऊन म्हणाली, लई छान वाजवलंत. मला अशी किळस आली की पानावरून उठलो. एसटीत केरबा म्हणाला, "माणिकप्पा, आपले मातीचे बैल केले रे. सजवायचं, पुजायचं, चालायचं काम नाही."

काल त्याच डीजेवाल्याचा फोन आला. नांदेडला तुझ्या पोरीच्या लग्नात आम्ही तसंच उभं राहायचं. जावईबापू मल्लिनाथरावांनी मुद्दाम आमची नावं सांगितली म्हणे. त्यांनी मानानंच सांगितलं असेल, त्यांना दुखवू नकोस. पण नातीसमोर मला मुका उभा करू नका. आमच्या बँडात रीत होती, ज्याची लेक सासरी निघाली त्यानं वाद्य खाली ठेवायचं, बाकीच्यांनी वाजवायचं. तू निघालीस तेव्हा केरबानं वाजवलं, मी नुसता उभा होतो. या वेळी लेक तुमची निघतेय, मला वाजवायची मोकळीक आहे. पाठवणीपुरता डीजे बंद ठेवायला सांग. जमणार नसेल तर आताच कळव. मी येईन, अक्षता टाकीन, वाद्य मात्र घरीच ठेवीन.

तुझाच,
उत्तराची वाट बघणारा अप्पा