ताईच्या गुलाबाला धुवण

शुक्रवार, ऑगस्ट

आज पुन्हा तेच. इथलं नळाचं पाणी जमिनीखालून येतं, ते खोल गेलं म्हणून सिटीने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बाहेर पाइप लावायला बंदी केलीय. तरी दाजी ताईच्या गुलाबाला पाइपने पाणी घालत होते. मी नळच बंद केला.

"मालू, तिचं झाड मरेल गं."

"मरतंय कशाला? तांदळाचं धुवण घाला."

"तिच्या झाडाला धुवण?"

एवढे मोठे डॉक्टर, आणि डोळ्यांत पाणी! चिडलेच मी. म्हटलं, "ताई रोज धुवणच घालायची. तुम्ही हॉस्पिटलात. तुम्हाला काय ठाऊक?"

फार लागलं का त्यांना? आत गेले, स्वतः तांदूळ धुवायला घेतले. ताई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांनी तिघांचे घेतले. मी तिघांचाच भात लावला.