शेजारच्या टेबलावरचा मौनीबाबा

ता. ४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मौनीबाबाबद्दल मागे लिहिलं होतं ना, तो माझ्या बाटल्यांशी काहीतरी करतो आहे.

तुला कळेल असं सांगते. आमचे जंतू हवा लागली की मरतात. म्हणून त्यांना पोषक रसात सोडायचं, गॅस भरून हवा हाकलायची आणि बाटली बंद. रसातलं एक अमिनो आम्ल ते खातात. जंतू तेच, आम्लही तेच. तरी त्याच्या बाटल्यांत अमोनिया तयार होतो आणि माझ्यात सडक्या मासळीसारखा वास मारणारं भलतंच रसायन. सहा वेळा असंच झालं. मी झाकणांना दोरा बांधून गाठी मारून ठेवल्या. गाठी जशाच्या तशा होत्या, म्हणजे माणूस किती पोचलेला असेल बघ. सोमवारी आमच्या प्रयोगशाळाप्रमुख बाईंकडे लेखी तक्रार देणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे त्याची.

तुझी,
छोटी

ता. ६

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. लहानपणी डब्यातली बिस्किटं स्वतः फस्त करून तू माझ्यावर आळ घ्यायचीस, ते मी तिला लगेच सांगितलं.

तुझ्या जंतूंतलं मला ओ की ठो कळत नाही. पण अर्धा जन्म सोडावॉटरच्या कारखान्यात गेला. तू भरतेस तो गॅस आमचाच तर नाही ना? तो पाण्यात शिरला की पाणी आंबट होतं. रसाचा आंबटपणा तू गॅस भरण्याआधी मोजतेस की नंतर? तक्रार देण्यापूर्वी एक बाटली उघडून बघ. जंतू मेले तर मरू देत.

पत्राची वाट पाहतो. तब्येतीला जप.

तुझा,
दादा

ता. ११

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तक्रार सोमवारीच गेली होती आणि बाईंनी त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं होतं.

बाटली उघडली. रस चांगलाच आंबट निघाला. मी आधी मोजून मग गॅस भरत होते. त्याची वही पाहिली, तर तो गॅस भरल्यावर सुईने थेंबभर रस काढून मोजतो आणि खायचा सोडा घालून आंबटपणा मारतो. रस आंबट झाला की हे जंतू त्याच आम्लाचं दुसरंच काहीतरी करतात, हे मी स्वतः वर्गात शिकवते दादा. लाजेने मेल्यासारखं झालं.

बाईंना सगळं सांगून तक्रार मागे घेतली. आज तो आला तेव्हा सर्वांदेखत माफी मागितली. तो म्हणाला की गॅसची शंका त्याला महिन्यापूर्वीच आली होती. मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. त्यावर त्याने शांतपणे विचारलं, की त्याने सांगितलं असतं तर मला ते खरं वाटलं असतं का.

दुपारी त्याने बाईंकडे दुसऱ्या खोलीत जागा मागितली. बाईंनी ती दिली.

एवढ्यावरून माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छोटी